‘लाभ झाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कार्यकर्तीचं पत्र :

“आमची संस्था लहान आहे. एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या, निधीतून आम्ही बारा गावांत तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी वाचनवर्ग चालवतो. वार्षिक अहवालाच्या तक्त्यात ‘आउटपुट’ आणि ‘आउटकम’ असे दोन रकाने होते. पहिल्यात मी लिहिलं : २४ वर्ग, ६२० मुलं, ४८ सेविकांना प्रशिक्षण, १२ ग्रंथपेट्या. दुसऱ्यात लिहिलं : ६२० मुलांना लाभ झाला. अहवाल परत आला. शेरा होता, ‘हेही आउटपुटच आहे. आउटकम लिहा.’ शब्दकोशात पाहिलं तर दोन्हींना फलित, परिणाम, निष्पत्ती असेच शब्द. आमचे सर म्हणतात, ‘मुलांचा सर्वांगीण विकास झाला’ असं लिही आणि मोकळी हो. आपण कर्म करावं, फळ आपल्या हातात नसतं. मला ते पटत नाही, पण दुसरं काय लिहावं तेही सुचत नाही. वर्षाच्या सुरुवातीला आम्ही मुलांची चाचणी घेतलेली नाही, आमच्याकडे फक्त हजेरी आहे. आणि खरं सांगू? भीती वाटते. मुलं वाचायला शिकलीच नसतील, तर तो आमचा दोष धरणार का?”

नमस्कार ताई,

शेरा मारणाऱ्याचं म्हणणं बरोबर आहे आणि सरांचं वाक्य तुम्हाला पटलं नाही, तेही बरोबर आहे. ‘सर्वांगीण विकास’ लिहिलंत तर कदाचित अहवाल मंजूर होईलही, पण पुढच्या जूनमध्ये कोणत्या मुलासोबत काय करायचं हे त्या दोन शब्दांवरून तुम्हाला कळणार नाही. म्हणून रकाना भरण्याआधी फरक नीट समजून घेऊ.

संस्थेने आपल्या पैशातून, वेळेतून आणि मेहनतीतून जे उभं केलं, दिलं किंवा पार पाडलं ते आउटपुट. त्यामुळे समोरच्या माणसाच्या क्षमतेत, सवयीत किंवा परिस्थितीत जो बदल झाला तो आउटकम. शब्दकोशात हा फरक सापडला नाही यात तुमची चूक नाही, कारण बोलीतल्या इंग्रजीत हे शब्द बऱ्याचदा एकमेकांच्या जागी येतात. त्यांच्यातली ही वाटणी प्रकल्पांच्या कागदपत्रांतून पक्की होत गेली. १९६९ मध्ये अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेसाठी, म्हणजे यूएसएडसाठी, ‘लॉजिकल फ्रेमवर्क’ नावाचा तक्ता तयार झाला. तुमच्यापुढे आलेला तक्ता त्याचाच वंशज. मूळ तक्त्यात चार पायऱ्या होत्या : इनपुट, आउटपुट, पर्पज आणि गोल. आज जिथे आपण आउटकम लिहितो तिथे तेव्हा ‘पर्पज’, म्हणजे हेतू, असं लिहिलेलं असे. मला ते जुनं नाव अधिक प्रामाणिक वाटतं. हे सगळं कशासाठी केलं होतं आणि ते झालं का, एवढंच तो रकाना विचारतो.

आपल्या मराठीत हा फरक क्रियापदातच आहे. शिकवणं आणि शिकणं. भरवणं आणि खाणं. आम्ही शिकवलं हे आउटपुट, मुलं शिकली हे आउटकम. पहिल्या क्रियापदाचा कर्ता संस्था असते, दुसऱ्याचा कर्ता ते मूल. तुमचा तक्ता या नजरेने पुन्हा वाचा. वर्ग चालवले, प्रशिक्षण दिलं, पेट्या पोचवल्या. सगळीकडे ‘आम्ही’ आहोत. दुसऱ्या रकान्यात ‘६२० मुलांना लाभ झाला’ लिहिल्यावर मुलं वाक्यात आली खरी, पण त्यांनी काहीच केलं नाही. ती नुसती घेणारी राहिली. ‘लाभार्थी’ हा सरकारी योजनांतून आपल्या तोंडी बसलेला शब्द इथे घात करतो, कारण यादीत नाव आलं की माणूस लाभार्थी होतो, मग त्याचं पुढे काहीही होवो.

शंका आली की स्वतःला एक प्रश्न विचारा : आमचं काम शंभर टक्के ठरल्याप्रमाणे पार पडलं, तरीही ही गोष्ट न घडण्याची शक्यता आहे का? असेल, तर ती आउटकमच्या रकान्यात जाते. २४ वर्ग वर्षभर नियमित भरूनही मूल अडखळतच वाचू शकतं, म्हणून ‘मूल सलग वाचतं’ हे आउटकम. याच कसोटीने पहिल्या रकान्यातल्या इतर नोंदींनाही जोड मिळते. ४८ सेविकांचं प्रशिक्षण झालं हे आउटपुट. परतल्यावर त्यांनी मुलांचे वाचनाच्या पातळीनुसार गट पाडायला सुरुवात केली, हे आउटकम. पेट्या पोचल्या हे आउटपुट. मुलं पुस्तकं घरी नेऊ लागली, हे आउटकम. अशी छोटी आउटकम्स लिहायला लोक विसरतात. खरं तर तीच आधी दिसतात आणि मोठा बदल होणार की नाही याची चाहूल देतात.

हा फरक देणगीदारांच्या हट्टातून आलेला आहे असं तुमच्या सरांना वाटत असेल, तर त्यांना आपल्याच राज्यातल्या शौचालयांची गोष्ट आठवून द्या. गेल्या शतकाच्या शेवटी गावोगाव अनुदानातून शौचालयं बांधली जात होती. तालुक्याला उद्दिष्ट यायचं, कंत्राटदार बांधायचा, आकडा वर जायचा. आकडा खरा होता. खोल्याही खऱ्या होत्या. फक्त अनेक घरांत त्या खोलीत सरपण, गोवऱ्या नाही तर कडबा भरलेला असे आणि माणसं पहाटे पूर्वीसारखीच लोटा घेऊन बाहेर पडत. २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं आणि बक्षीस घराला नाही, गावाला मिळू लागलं. पुढे ‘हागणदारीमुक्त गाव’ हा शब्द आपल्याकडे रुळला. काय मोजायचं ते त्या एका शब्दाने बदललं. खोल्या किती बांधल्या हे मागे पडलं, गावाबाहेरचा रस्ता स्वच्छ झाला का हे पुढे आलं. आउटकम हा शब्द ज्यांनी कधी ऐकला नव्हता अशा सरपंचांनी आणि बचत गटांच्या बायकांनी ते पहाटे उठून तपासलं. २००३ मध्ये केंद्र सरकारने निर्मल ग्राम पुरस्कार सुरू केला, त्याच्या मुळाशीही हीच दृष्टी होती.

त्याच गोष्टीचा दुसरा भागही सांगायला हवा. पुरस्कार मिळालेली काही गावं नंतर पुन्हा जुन्या सवयीकडे वळली. खोली जागेवरच होती, सवय गेली. आउटपुट एकदा झालं की झालं, त्याची पावती फाइलला लागते. आउटकम मात्र परत जाऊ शकतं. मार्चमध्ये गोष्ट वाचणारं मूल दोन महिन्यांच्या सुट्टीनंतर पुन्हा परिच्छेदावर अडकलेलं सापडू शकतं. म्हणून ते पुन्हा पुन्हा पाहावं लागतं.

तुमच्या कामाच्या अगदी जवळचं उदाहरण ‘असर’चं. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात मुलांच्या शिक्षणाचं हे सर्वेक्षण होत आलं आहे. २०२२ च्या अहवालात ६ ते १४ वयोगटातल्या ९८.४ टक्के मुलांची नावं शाळेच्या पटावर होती. त्याच अहवालात पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी ४२.८ टक्के होती. कोरोनाकाळात शाळा बंद राहिल्याचा फटका त्यात आहेच, पण २०१८ मध्येही हे प्रमाण ५०.५ टक्केच होतं. पटावर नाव आणणं हे मोठं काम होतं, अनेक पिढ्यांचं काम होतं, ते कमी लेखू नका. पण पट भरला म्हणून वाचन आलं असं आपण किती वर्षं गृहीत धरलं, ते या दोन आकड्यांमधल्या अंतरावरून दिसतं. २०१७ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत ‘लर्निंग आउटकम्स’ आले आणि आपल्या शाळांत ‘अध्ययन निष्पत्ती’ हा शब्द भिंतींवरच्या तक्त्यांपर्यंत पोचला. तुमच्या गावच्या शिक्षकांना तो पाठ आहे. त्यांच्याशी बोला, हा रकाना त्यांच्याही ओळखीचा आहे.

सरकारी अर्थसंकल्पातही हे आलं. २००५ च्या अर्थसंकल्पी भाषणात पी. चिदंबरम यांनी खर्चाची तरतूद केली म्हणजे फलित मिळालंच असं नाही, असं बजावलं आणि त्याच वर्षी केंद्राचं पहिलं ‘आउटकम बजेट’ मांडलं गेलं.

तुमचा अहवाल परत पाठवणाऱ्या अधिकाऱ्याचीही बाजू समजून घ्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले. ज्यांची ही रक्कम सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना १ कोटी आणि त्यापुढच्या प्रकल्पांचं ‘इम्पॅक्ट असेसमेंट’, म्हणजे परिणामांचं मूल्यमापन, बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून करून घेणं बंधनकारक झालं. तुमचा प्रकल्प एवढा मोठा नसेल, पण ही सवय सगळ्या सीएसआर विभागांत पसरली आहे. त्याला वर उत्तर द्यायचं आहे, म्हणून तो खाली विचारतो.

आणि इम्पॅक्ट हा तिसरा शब्द आलाच आहे तर त्याबद्दल एवढंच : तो आणखी लांबचा आणि पक्का बदल. तुमची मुलं पुढे दहावीपर्यंत टिकली, शाळा सोडणारे कमी झाले, तर तो इम्पॅक्ट. एका वर्षाच्या अहवालात त्याचा दावा करू नका.

आता तुमचा रकाना. या वर्षी सुरुवातीची चाचणी नाही, त्यामुळे ‘इतकी मुलं सुधारली’ असं तुम्हाला लिहिता येणार नाही. लिहूच नका. त्याऐवजी आत्ता चाचणी घ्या. ‘असर’चं वाचनसाधन मराठीत आहे आणि ते कोणालाही वापरता येतं. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, आणि ज्याला अक्षरही येत नाही तो प्रारंभिक पातळीवर. एकेका मुलाला शेजारी बसवून वाचायला द्यायचं आणि कुठवर पोचतं ते नोंदवायचं. तुमच्या एका वर्गात सरासरी २५-२६ मुलं येतात. दोन सेविकांनी मन लावून केलं तर एका वर्गाचं काम एका दिवसात होण्यासारखं आहे. शक्य असेल तर एका गावची सेविका दुसऱ्या गावी पाठवा. आपल्या मुलाला पुढचा शब्द हळूच सुचवावासा वाटतोच, तो मोह टळेल.

मग दुसऱ्या रकान्यात असं लिहा : “वर्षाच्या सुरुवातीची पातळी मोजलेली नव्हती. एप्रिलमध्ये पटावरच्या ६२० पैकी इतक्या मुलांची चाचणी झाली. त्यांपैकी गोष्ट वाचणारी इतकी, परिच्छेद वाचणारी इतकी, शब्द इतकी, अक्षरं इतकी, प्रारंभिक इतकी. जूनमध्ये पुन्हा चाचणी घेऊन पुढच्या वर्षाची सुरुवात नोंदवू.” शाळांमध्ये पायाभूत चाचणी आणि संकलित मूल्यमापन होतं. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर त्या नोंदींचाही आधार घेता येईल, मात्र त्या कशाच्या नोंदी आहेत ते स्पष्ट लिहा, कारण लेखी गुण आणि तोंडी वाचन या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘६२० पैकी’ हे शब्द कधीही गाळू नका. जी मुलं चाचणीच्या दिवशी आली नाहीत, जी मधूनच वर्ग सोडून गेली, त्यांची संख्याही लिहा. अमेरिकन सामाजिक शास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात सांगून ठेवलं आहे की, एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय अवलंबून ठेवाल तितका तो आकडा बिघडवण्याचा दबाव वाढतो. आपल्या क्षेत्रात तो दबाव असा दिसतो : न येणाऱ्या मुलाचं नाव हजेरीपटावरून हळूच उडतं, चाचणीचा परिच्छेद आठवडाभर आधी वर्गात घोकून घेतला जातो. आकडा सुंदर होतो आणि ज्या मुलाला आपली सगळ्यात जास्त गरज होती, तेच कागदावरून नाहीसं होतं. हे करू नका आणि सेविकांना करू देऊ नका.

पुढच्या वर्षी आधीचे आणि नंतरचे आकडे हाती आले तरी एक अडचण राहतेच. मूल शाळेतही शिकतं, घरी मोठी बहीण शिकवते, वय वाढतं तशी समज वाढते. सगळी सुधारणा आपल्या नावावर कशी लावणार? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळांसाठी काम केलं तेव्हा हाच प्रश्न होता. त्यांनी ३९ गावांत गावच्याच बायकांना घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि शेजारची ४७ गावं तुलनेसाठी घेतली. तिथे हे काम नव्हतं, पण बाळांच्या जन्ममृत्यूची नोंद होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले : तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्यांनी किती आरोग्यदूतांना प्रशिक्षण दिलं, किती घरभेटी झाल्या, हेही नोंदलं होतंच. पण देशाने ते काम उचललं, आशा ताईंच्या घरभेटींत ते आलं, कारण किती बाळं वाचली हे मोजलेलं होतं. आपल्याच मातीत, अत्यंत कमी साधनांत हे झालेलं आहे. तुम्हाला एवढा मोठा अभ्यास करायचा नाही. शेजारच्या दोन-तीन गावांतल्या शाळांत, शिक्षकांच्या संमतीने, तेच साधन वापरून वर्षातून दोनदा चाचणी घेता आली तरी पुष्कळ. तेही जमलं नाही तर ‘आमच्या वर्गांमुळे’ असं लिहिण्याऐवजी ‘शाळेच्या अध्यापनासोबत आमच्या वर्गांचाही यात वाटा आहे’ असं लिहा. खोटं ठरणार नाही असंच वाक्य लिहा.

आता तुमची भीती. ती खरी आहे आणि मी ती हलक्यात घेत नाही, कारण निधी थांबला तर ४८ सेविकांच्या मानधनाचा प्रश्न उभा राहतो. पण दोन रकान्यांची जबाबदारी सारखी नसते. आउटपुट पूर्णपणे तुमच्या हातात आहे. २४ ऐवजी १६ च वर्ग भरले तर त्याचा जबाब तुम्हाला द्यावा लागेल. आउटकम तुमच्या एकटीच्या हातात नाही. ते दिसलं नाही तर तुमची जबाबदारी कारण शोधण्याची आणि पद्धत बदलण्याची आहे. तुमच्या जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू झाली की हजेरी गळते. कोलाम किंवा गोंड वस्तीतलं मूल घरी कोलामी, गोंडी बोलतं आणि मराठी पुस्तक त्याच्यासाठी परकी भाषा असते. हजेरीपट तुमच्याकडे आहेच, तो चाचणीच्या निकालाशेजारी ठेवून पाहा. वेचणीच्या महिन्यांत गळालेली मुलं मागे पडली आहेत असं दिसलं, तर वर्गाची वेळ संध्याकाळी करायची का, एखादी कोलामी जाणणारी सेविका घ्यायची का, हे ठरवता येईल. हेच कारण आणि हाच उपाय अहवालात लिहा. चांगला अधिकारी असा अहवाल वाचून निधी थांबवत नाही. एखादा थांबवेल, तशी माणसंही भेटतात. तरीसुद्धा तुमचं वाक्य खरं असावं, असंच मी म्हणेन.

सरांना माझा नमस्कार सांगा. गीतेतल्या त्या ओळीबद्दल मला आदर आहे, पण तिथे कर्म करणाऱ्याच्या स्वतःच्या फळाच्या आसक्तीबद्दल बोललं आहे. मूल वाचू लागलं तर ते संस्थेचं फळ नाही, ते त्या मुलाचं आहे. त्याला ते मिळालं की नाही हे पाहणं आसक्ती नव्हे. तो कर्माचाच भाग आहे.

पहिला रकाना लहान समजून घाईने भरू नका, हेही सांगून ठेवते. वर्गच भरले नसते तर दुसऱ्या रकान्याचा प्रश्नच आला नसता. पावसाळ्यात चिखल तुडवत पेट्या पोचवणं ही हिशोबात धरण्याजोगी गोष्ट आहे. ती आकड्यांसकट, तारखांसकट नीट लिहा. फक्त तिला आउटकम म्हणू नका.

आणि या अहवालाची मराठी प्रत ग्रामसभेत वाचणार असाल, तर फलित की निष्पत्ती या वादात पडू नका. एका रकान्याला ‘आम्ही काय केलं’ आणि दुसऱ्याला ‘मुलांमध्ये काय बदललं’ असं नाव द्या. आईबापांना ते लगेच कळेल आणि ते स्वतःच्या पोराबद्दल तुम्हाला असं काही सांगतील, जे कोणत्याही चाचणीत आलेलं नसेल.

उद्याच कंपनीच्या अधिकाऱ्याला फोन करा. सुरुवातीची चाचणी झाली नव्हती हे आधी सांगा, मग बारा गावांतल्या चाचणीच्या तारखा कळवा आणि तीन आठवड्यांची मुदत मागा. मुदत देणार नसतील तर आत्ताचा अहवाल हजेरी आणि वर दिलेल्या प्रामाणिक ओळीसह पाठवा, आणि चाचणीचे निकाल पुरवणी म्हणून मागाहून येतील असं त्यातच लिहा.